लोक काय म्हणाले?

‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी विचारला जातो. मुलीने किती शिकावे, मुलाचे लग्न कुठे करावे, चाळिसाव्याला किती माणसे जेवायला बोलवावीत, इतकेच काय पण घराच्या बाहेरच्या भिंतीला कोणता रंग द्यावा, हे सगळे या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. या प्रश्नाचे अचूक उत्तर देणाऱ्याला बक्षीस द्यावे ही कल्पना मात्र आपल्याला सुचली नाही. ती अमेरिकेत सुचली. १९७६ साली तिथल्या एबीसी वाहिनीवर ‘फॅमिली फ्यूड’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. १९८० साली तोच खेळ ‘फॅमिली फॉर्च्युन्स’ या नावाने ब्रिटनमध्ये पोचला. पुढे तो कितीतरी देशांत गेला.

खेळाचा नियम साधा आहे. आधी शंभर माणसांना एक प्रश्न विचारून ठेवायचा आणि त्यांची उत्तरे मोजायची. मग खेळणाऱ्याला तोच प्रश्न विचारायचा. त्याचे उत्तर त्या शंभरांपैकी जितक्या जणांच्या उत्तराशी जुळेल तितके त्याला गुण. शंभरांपैकी कोणीच ते उत्तर दिले नसेल तर शून्य. ते उत्तर खरे आहे की खोटे, याची चौकशी नाही.

आपल्याकडे ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाला तेव्हा त्यातही लोकांचा कौल होता. अडलेला स्पर्धक प्रेक्षकांना विचारू शकत असे. पण तिथे प्रेक्षक फक्त सल्लागार होते. ते चुकले तर त्यांच्या भरवशावर राहिलेला स्पर्धक बुडत असे, कारण बरोबर उत्तर यंत्रात आधीच बंद करून ठेवलेले असे आणि प्रेक्षकांच्या बहुमताने त्यात काही फरक पडत नसे. या दुसऱ्या खेळात लोक सल्लागार नाहीत, न्यायाधीश आहेत. फरक वाटतो तितका किरकोळ नाही.

हा खेळ मी प्रत्यक्ष पाहिला तो आमच्या खोपटमध्ये. ठाण्याच्या बाहेर राहणाऱ्यांना खोपट म्हटले की एसटी स्टँड एवढेच आठवते. स्टँडच्या मागे-पुढे जुन्या चाळी, त्यांच्या जागी उठलेले टॉवर, सिद्धेश्वर तलाव आणि तऱ्हेतऱ्हेची माणसे अशी आमची वस्ती आहे. आमच्या सोसायटीत २६ जानेवारीला झेंडावंदन झाले की मुलांचे कार्यक्रम असतात. एका वर्षी पोरांनी हा खेळ बसवला आणि विषय घेतला युरोप. युरोपच का, तर खेळ बसवणाऱ्या मुलाची मावशी जर्मनीला असते! आठवडाभर तो वही घेऊन फिरत होता. रिक्षावाले, स्टँडवरचे प्रवासी, चहाच्या टपरीवर उभी असलेली मंडळी, सोसायटीतल्या गृहिणी, जो भेटेल त्याला विचारून त्याने शंभर माणसे भरली. त्या शंभरांत मीही होतो.

खेळ रंगला. युरोपातले एक शहर सांगा म्हटल्यावर लंडन सगळ्यांत वर होते, त्यात नवल नाही. मग प्रश्न आला, युरोपातली सर्वांत लांब नदी कोणती? आमच्या वरच्या मजल्यावरची एक मुलगी सातवीत होती. तिने क्षणभर छताकडे पाहिले आणि सांगितले, “व्होल्गा.” मुलाने फळा पाहिला. व्होल्गा नव्हती. शून्य. फळ्यावर पहिल्या क्रमांकाला थेम्स होती.

“अगं, खरं उत्तर नकोय,” तो मुलगा समजुतीच्या सुरात म्हणाला, “शंभर जणांचं सांगायचंय.”

व्होल्गा सुमारे साडेतीन हजार किलोमीटर वाहते. थेम्स साडेतीनशे किलोमीटरही भरत नाही. आपली भीमा तिच्या दुपटीहून लांब आहे. पण व्होल्गेला शून्य मिळाले. मुलगी हिरमुसली खरी, पण मुले लवकर शिकतात. पुढचा प्रश्न स्वित्झर्लंडच्या राजधानीचा होता. या वेळी तिने छताकडे पाहिले नाही. समोर खुर्च्यांवर बसलेल्या आम्हां सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून तिची नजर फिरली आणि ती म्हणाली, “झुरिक.” टाळ्या पडल्या. बक्षीस वाटप झाल्यावर मी तिला हळूच विचारले, “बेटा, तुला बर्न ठाऊक नव्हतं?” ती म्हणाली, “ठाऊक होतं ना चाचा. पण ते कोण सांगणार?”

तिची नजर छतावरून आमच्या चेहऱ्यांवर आली, ती गोष्ट माझ्या मनातून जाईना. माणूस आठवायला लागतो तेव्हा वर पाहतो. अंदाज बांधायला लागतो तेव्हा समोरच्याकडे पाहतो. या दोन पाहण्यांमध्ये नेमके काय घडते? आपल्याला खरे ठाऊक असताना लोकांचे उत्तर देणे हे खोटे बोलणे आहे का?

माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांचे वह्या-पुस्तकांचे दुकान आहे. त्यांना माझी शंका पटली नाही. “चाचा, तुम्ही फार विचार करता,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक काय मागणार हे ज्याला कळत नाही त्याचं शटर सहा महिन्यांत खाली येतं. मला चांगलं वाटणारं पेन मी दुकानात ठेवतो का?” त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते नीट समजून घेतले पाहिजे. खेळातला प्रश्न वरवर पाहता ‘सर्वांत लांब नदी कोणती’ असा असला, तरी त्याच्या पोटातला खरा प्रश्न ‘शंभर जणांनी कोणती नदी सांगितली असेल’ हा आहे. हे सगळ्यांना आधीच ठाऊक असते, म्हणजे कोणी कोणाला फसवत नाही. त्या पोटातल्या प्रश्नाचे ‘थेम्स’ हे उत्तर शंभर टक्के खरे आहे. मुलीला सत्याबद्दल शिक्षा झाली असे म्हणणे म्हणजे तिने दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर दिले हे विसरणे होय.

आणि दुसऱ्याच्या मनात काय आहे हे ओळखणे हा काही हलका गुण नाही. रोगी काय लपवतो आहे हे डॉक्टरला ओळखावे लागते. गणितात मूल कुठे चुकणार हे शिक्षकाला आधीच कळावे लागते. आपण लिहिणाऱ्यांनाही हे चुकत नाही. ‘जमात’ हा शब्द मी लिहिला की मोहल्ल्यातला वाचक एक अर्थ घेतो आणि सदाशिव पेठेतला वाचक दुसरा. ते दोन्ही अर्थ माझ्या डोक्यात नसतील तर माझे लिखाण फसलेच म्हणायचे.

शिवाय लोकांची चूकही उगीच झालेली नसते. खोपटच्या शंभर माणसांना थेम्सच का आठवावी? अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिले, त्यात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस आणि डिंगमार अशी टोपीकरांची वेगवेगळी नावे आहेत. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, वलंदेज म्हणजे डच, डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे. मराठी मुलखाला तेव्हा एक युरोप दिसत नव्हता, पाच दिसत होते, कारण पाचांशी व्यवहार होता आणि त्यांतल्या काहींशी लढाईही. आमच्या ठाण्यात तर पोर्तुगीज १७३७ पर्यंत ठाण मांडून होते. त्यांचा पाव आम्ही आजही मिसळीबरोबर खातो. पुढे इंग्रजांचे राज्य आले आणि पाचांचा एक झाला. मुळात अरबीत ‘विलायत’ म्हणजे प्रांत, मुलूख. आपल्याकडे विलायत म्हणजे इंग्लंड होऊन बसले. दीडशे वर्षांची शाळा आणि दीडशे वर्षांची कचेरी त्या थेम्सच्या पाठीशी उभी आहे. ज्याला भूगोल तपासायचा आहे त्याच्या दृष्टीने ते उत्तर चुकीचे, पण ज्याला आम्हां खोपटकरांना समजून घ्यायचे आहे त्याच्या दृष्टीने ते मोलाचे आहे.

इथपर्यंत मी दुकानदार शेजाऱ्यांच्या बाजूचा आहे. माझी अडचण खेळणाऱ्यांपाशी नाही, त्या शंभरांपाशी आहे.

लोकांना विचारून विचारून युरोप जाणून घेण्याचा उद्योग काही टीव्हीवाल्यांनी शोधलेला नाही. बाराव्या शतकात सिसिली बेटावर नॉर्मन राजा दुसरा रॉजर राज्य करत होता. त्याच्या आधी दोन शतकांहून अधिक काळ त्या बेटावर अरबांची सत्ता होती, आणि रॉजरच्या दरबारात अरबी जाणणारी माणसे मानाने वावरत होती. त्याने जगाचा नकाशा करण्याचे काम अल्-इद्रीसी या मुसलमान भूगोलतज्ज्ञाकडे दिले. काम पंधरा वर्षे चालले आणि ११५४ मध्ये पुरे झाले. ग्रंथाचे नाव ‘नुजहत अल्-मुश्ताक’. लोक त्याला ‘रॉजरचे पुस्तक’ म्हणूनच ओळखतात. त्याच्या नकाशात दक्षिण वर आहे, त्यामुळे युरोप आपल्याला उलटा टांगल्यासारखा दिसतो. हे काम कसे झाले ते इद्रीसीने प्रस्तावनेत नोंदवले आहे. आधीच्या ग्रंथांनी समाधान होईना, तेव्हा देशोदेशी हिंडलेल्या प्रवाशांना बोलावून घेतले गेले. त्यांना एकत्र विचारले, एकेकटे गाठूनही विचारले. ज्या गोष्टीत त्यांचे म्हणणे जुळले ती ठेवली, जुळले नाही ती बाजूला काढली.

एकेकटे गाठून विचारणे, यात सगळे मर्म आहे. दहा खलाशी एका खोलीत बसले की पहिला जे सांगेल तेच नववा-दहावाही सांगतो. वेगवेगळे विचारूनही दहांचे जुळले, तर त्या जुळण्याला वजन येते. हदीसच्या अभ्यासकांनी हीच गोष्ट फार काटेकोरपणे मांडली आहे. एखादी रिवायत ‘मुतवातिर’ केव्हा मानायची? ती प्रत्येक पिढीत इतक्या आणि अशा माणसांकडून आलेली असावी की त्यांनी संगनमताने खोटे रचले असेल हे शक्यच वाटू नये. केवळ संख्या पुरत नाही. एकाचेच ऐकून हजारांनी सांगितले, तर साक्षीदार हजार होत नाहीत, एकच राहतो. आपल्या मोहल्ल्यांतून फिरणाऱ्या कितीतरी ‘सगळे म्हणतात’ छापाच्या बातम्यांना ही एक कसोटी लावली तर काय उरेल?

इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन नावाच्या शास्त्रज्ञाने याचा एक मासला नोंदवून ठेवला आहे. १९०६ साली प्लिमथच्या जनावरांच्या बाजारात एका बैलाचे कापून साफ केलेले वजन किती भरेल, याचा अंदाज बांधण्याची पैज लागली होती. सहा पेन्स भरून चिठ्ठीवर आकडा लिहायचा. ७८७ वाचता येतील अशा चिठ्ठ्या गॉल्टनला मिळाल्या. त्या ओळीने लावल्यावर बरोबर मधली चिठ्ठी निघाली १२०७ पौंडांची, आणि त्याने दिलेले खरे वजन होते ११९८ पौंड. शेकड्याला एकाचाही फरक नाही. गॉल्टनला सामान्य माणसाच्या शहाणपणाचे फार कौतुक होते असे नाही, म्हणून तर त्याला या निकालाचे नवल वाटले. पण ध्यानात घ्यायचे ते हे की त्या प्रत्येक माणसाने बैलाकडे पाहिले होते. शेजारचा काय लिहितो याकडे पाहून फायदा नव्हता, कारण बक्षीस बैलाच्या वजनावर होते.

समजा, बक्षीस सगळ्यांच्या सरासरी अंदाजावर असते तर? मग बैलाकडे कोण पाहील? हाच विचार अर्थशास्त्रज्ञ केन्स याने १९३६ मध्ये शेअर बाजाराबद्दल लिहिताना मांडला. वर्तमानपत्रात शंभर चेहऱ्यांची छायाचित्रे छापली आहेत, त्यांतले सर्वांत सुंदर सहा निवडायचे, आणि ज्याची निवड एकूण लोकांच्या आवडीशी जुळेल त्याला बक्षीस. अशा वेळी कोणी स्वतःला आवडलेला चेहरा निवडत नाही, लोकांना आवडेल तो निवडतो. पण लोकही तेच करत असतात. म्हणून हुशार माणूस लोकांना काय आवडेल असे लोकांना वाटते, याचा अंदाज बांधू लागतो. चेहरे बिचारे बाजूला राहतात. बाजार फुगतो तो असा, आणि कोसळतो तोही असाच.

आता आमच्या सोसायटीतल्या खेळाकडे या नजरेने पाहा. तो खेळ निरोगी होता तो एकाच कारणाने. वही घेऊन आलेल्या मुलाने विचारले तेव्हा आम्ही शंभर जण खेळत नव्हतो. रिक्षावाल्याने थेम्स सांगितली ती त्याला खरोखर थेम्स वाटली म्हणून. त्याचे उत्तर चुकले, पण ते त्याचे होते. अशी शंभर प्रामाणिक उत्तरे आधी जमली म्हणून त्यांचा अंदाज बांधण्यात गंमत आली. त्या शंभरांनीही ‘बाकीचे काय सांगतील’ असा विचार करून उत्तरे दिली असती तर फळ्यावर कोणाचेही मत उरले नसते. टाळ्या मात्र तितक्याच पडल्या असत्या.

टीव्हीवर ही वाटणी पक्की असते. शंभर माणसे वेगळी, खेळणारी वेगळी. जगण्यात अशी वाटणी नसते. प्रत्येक जण एकाच वेळी खेळणाराही असतो आणि शंभरांतलाही. मी लोकांकडे पाहून उत्तर देतो तेव्हा माझ्यापुरता तो अंदाज असतो, पण मोजणारा ते माझे मत म्हणून मोजतो. दुसरा माणूस माझ्याकडे पाहून आपले उत्तर ठरवतो. हे माझ्या दुकानदार शेजाऱ्यांच्या हिशेबात येत नाही. गिऱ्हाईक काय मागेल हे ते ओळखतात, पण त्यांचेही गिऱ्हाईक ‘दुकानात जे असते तेच लोक घेत असतील’ म्हणून मागत असेल, तर त्या पेनाची निवड शेवटी केली कोणी?

याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. जनगणनेत मातृभाषेचा एक रकाना असतो. आमच्या जुन्या इमारतीत एकदा शेजारच्या घरी मोजणी करणाऱ्या बाई आल्या. कुटुंबप्रमुखाचे नाव लिहून झाले आणि भाषा विचारायच्या आधीच त्यांनी ‘उर्दू’ लिहिले. घरातल्या कर्त्या माणसाने मान डोलावली. त्या घरात आजी नातवाला रागावते ती कोकणीत, भांडणे कोकणीत, विहिणींचे टोमणे कोकणीत, मुले मराठी शाळेत. उर्दू यायची ती कव्वालीतून आणि मौलवीसाहेबांच्या बयानातून. बाईंनी अंदाज बांधला, मुसलमानाची भाषा काय असणार. घरमालकाने त्या अंदाजाचा अंदाज बांधला. दोघांचेही मन साफ होते. पण कागदावर एका कोकणी घराची उर्दू झाली, आणि पुढे कोणी अभ्यासक ते आकडे मांडून सांगणार की इथल्या मुसलमानांची भाषा उर्दू आहे. मग पुढच्या वेळी बाईंना विचारण्याची गरज आणखी कमी वाटणार. उर्दूबद्दल माझ्या मनात प्रेमच आहे. जी भाषा ज्या घरात आहे ती त्या घराच्या नावावर लागावी, एवढेच माझे म्हणणे.

माणसाला हे कळत नाही असे नाही. डोळ्यांना दिसते तरी जीभ वळत नाही. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमारास अमेरिकेत एक प्रयोग केला. कागदावर लहान-मोठ्या रेघा, आणि कोणती रेघ नमुन्याइतकी लांब आहे एवढाच प्रश्न. लहान मूलही सांगेल असा. पण खोलीतली बाकीची माणसे आधीच पढवून ठेवलेली, ती सगळी एकमुखाने चुकीचे उत्तर देत. खऱ्या उमेदवाराने काय करावे? एकूण अशा प्रसंगांपैकी जवळजवळ एकतृतीयांश वेळा उमेदवारांनी आपल्या डोळ्यांपेक्षा गटाचे मानले. तक्ता पुढे आणखी वाचला तर एक गोष्ट सापडते, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या गटात एकाच माणसाला बरोबर उत्तर द्यायला सांगितले, की उमेदवाराचे शरण जाणे एकदम कमी होत असे. बहुमत बदलायची गरज नव्हती, एक माणूस पुरत होता. इमाम गझाली तकलीदबद्दल लिहितात तेव्हा त्यांच्या शंकेची सुरुवातही अशाच साध्या निरीक्षणातून झालेली दिसते. ख्रिश्चनांची मुले ख्रिश्चन होतात, यहुद्यांची यहुदी, मुसलमानांची मुसलमान. मग यातले मी स्वतः जाणलेले किती आणि नुसते ऐकून घेतलेले किती? हा प्रश्न विचारून ते श्रद्धेपासून दूर गेले नाहीत, श्रद्धेपर्यंत स्वतःच्या पायांनी गेले.

एसटी स्टँडच्या चौकशीच्या खिडकीशी उभा राहिलेला माणूस ‘शंभर प्रवाशांच्या मते अलिबागची गाडी कुठे लागते’ असे विचारत नाही. त्याला गाडी पकडायची असते. गाडी चुकण्याची किंमत त्याच्या खिशातून जाते, म्हणून तिथे आपण सगळे व्होल्गावाले असतो. किंमत दुसऱ्याच्या खिशातून जाणार असेल तेव्हा मात्र आपल्याला थेम्स चालते.

त्या दिवशीच्या खेळात शेवटचा प्रश्न होता, युरोपातला एक मुसलमानांचा देश सांगा. वहीवाल्या मुलाला मी ‘बोस्निया’ सांगितले होते. फळ्यावर ते नव्हते. तसे उत्तर देणारा मी एकटाच होतो असे तो नंतर म्हणाला. सगळ्यांत वर होते तुर्कस्तान. बॉस्फरसच्या पश्चिमेला तुर्कस्तानचा जेमतेम एक तुकडा आहे, बाकी सगळा आशियात. तरी युरोप आणि मुसलमान हे दोन शब्द शेजारी आले की तुर्क आठवतो. खोपटमध्ये हे उत्तर निरुपद्रवी होते. सगळीकडे ते तसे नव्हते.

बोस्नियातले मुसलमान तुर्क नाहीत. पंधराव्या शतकात तिथे उस्मानी सत्ता आली आणि पुढच्या काळात तिथल्याच स्लाव माणसांपैकी अनेकांनी इस्लाम स्वीकारला. बोली तीच राहिली, डोंगर तेच राहिले, शेजारी तेच राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये युगोस्लाव्हियाची जनगणना झाली तेव्हा त्यांच्यासमोर पर्याय ठेवले गेले: सर्ब-मुसलमान, क्रोएट-मुसलमान किंवा अनिर्धारित मुसलमान. बहुतेकांनी ‘अनिर्धारित’ निवडले. ज्या देशात आपण शतकानुशतके राहतो त्या देशाच्या फळ्यावर आपले उत्तर नाही, हे सांगण्याची ती एक सभ्य रीत होती. पुढे १९७१ च्या गणनेत ‘मुसलमान’ हे एका राष्ट्रीयत्वाचे नाव म्हणून मान्य झाले, आणि युद्ध चालू असताना १९९३ मध्ये त्यांनी ‘बोश्नियाक’ हे नाव घेतले. मारणाऱ्यांच्या तोंडी मात्र एकच नाव होते. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा शहरात शिरताना सर्ब सैन्याचा सेनापती रात्को म्लादिच याने कॅमेऱ्यासमोर तुर्कांवर सूड उगवण्याची भाषा केली. त्यानंतरच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. ते म्लादिचचीच भाषा बोलत होते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये तो वंशसंहार असल्याचा निर्वाळा दिला, आणि २०१७ मध्ये म्लादिचला जन्मठेप झाली. हे सगळे एका चुकीच्या शब्दामुळे झाले असे मी म्हणत नाही. सत्ता होती, जमीन होती, शस्त्रे होती. पण शेजाऱ्याला परका ठरवण्यासाठी लागणारे उत्तर लोकांच्या ओठांवर आधीच तयार होते, आणि ते खरे आहे का हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही.

युद्ध थांबले ते डेटन कराराने, डिसेंबर १९९५ मध्ये. त्या करारातून आलेल्या घटनेने बोश्नियाक, क्रोएट आणि सर्ब असे तीन मुख्य समाज ठरवले आणि उरलेल्यांना ‘इतर’ म्हटले. राष्ट्राध्यक्षपद तिघांचे मिळून, प्रत्येक समाजाचा एक. इतरांना त्या पदाची निवडणूक लढवता येत नाही. ज्यांना फळ्यावर जागा नव्हती त्यांनीच सही केलेल्या कागदावर आता दुसऱ्यांना जागा उरली नाही. यावर दोघे जण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. देर्वो सेय्दिच हे रोमा आणि याकोब फिन्सी हे यहुदी. २२ डिसेंबर २००९ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. तो भेदभाव असल्याचे न्यायालयाने म्हटले. निकालानंतर दहा वर्षे उलटली तरी घटनेतली ती कलमे बदललेली नव्हती.

कोण कोणत्या समाजाचा, हे त्या देशात उमेदवाराने स्वतः जाहीर करायचे असते. त्याला दाखला लागत नाही, पुरावा लागत नाही. सेय्दिच आणि फिन्सी यांनी अर्जावर बोश्नियाक किंवा क्रोएट यांपैकी एक शब्द लिहिला असता तर त्यांना उभे राहता आले असते. त्यांनी तो लिहिला नाही.